ड्रोनने पाठ फिरवून जावे

"बादली भरली," सेक्रेटरींच्या बायकोने आतल्या खोलीतून सांगितलं.

"हं," सेक्रेटरी वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"गेल्या आठवड्यात पातेलं भरत होतं. आता बादली भरायला लागली. रविवारी तुमची लेक येतेय. तिला आणि तिच्या तान्ह्या बाळाला कुठे झोपवू, टबात?"

"मी तो विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतलाय."

"छान केलंत. तेवढं पाण्याला कळवा."

जावयाची बदली झाली होती. तिकडे घर लागेपर्यंत लेक बाळाला घेऊन माहेरी राहणार होती. माहेरी जास्तीची खोली एकच आणि नेमकी तीच गळत होती. सेक्रेटरींनी नातवाला अजून फोनवरच पाहिलं होतं. त्याच्यासाठी त्यांनी माळ्यावरचा लेकीचा जुना पाळणा काढून, स्वतः पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला होता. तो पाळणा सध्या हॉलमध्ये सोफ्याला टेकवून उभा होता, कारण खोलीत त्याच्या जागेवर बादली होती.

"एक ऐका," बायको दारात येऊन उभी राहिली. "बाळाच्या अंगावर पहिला थेंब पडला ना, की मी लेकीला आणि बाळाला घेऊन माझ्या भावाकडे जाईन. तुम्ही बसा अजेंडा मांडीवर घेऊन आणि त्यालाच अंगाई गा."

तिचा भाऊ दुसऱ्या गावाला राहत होता आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. सेक्रेटरींनी वर्तमानपत्राची घडी केली.

इमारतीचा वरचा मजला नंतर चढवलेला, त्यावर सिमेंटच्या पत्र्यांचं उतरतं छप्पर. त्याच्याखाली हे दोघं. छपरातून पाणी एकीकडे शिरतं आणि गळतं दुसरीकडे, त्यामुळे भोक कुठे आहे ते खालून बघून कळत नाही. सेक्रेटरींनी आतापर्यंत बिल्डरला दोष दिला होता, आप्पांच्या अँटिनाला दिला होता, कबुतरांनाही सोडलं नव्हतं. पत्रेवाल्याला बोलावलं, तर त्याने छपराकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि शिडी परत गाडीत ठेवली.

"जुने पत्रे, त्यात ओले," तो म्हणाला. "भोक शोधत फिरलो तर पाय पडेल तिथे नवीन भोक. मी थेट तुमच्या पलंगावर येईन. कुठे फुटलंय ते मला वरून दाखवा, नेमक्या तिथे फळी टाकून चढतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"वरून कसं दाखवणार? मी काय कावळा आहे?"

"ड्रोन लावा की साहेब. हल्ली सगळे लावतात."

यावर सेक्रेटरींची बायको इतकी मोठ्याने हसली की पत्रेवाला दचकला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्याने कोणापुढे कोणाचं नाव घेतलं ते.

सेक्रेटरी नोकरीभर एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाले तेव्हा कारखाना सुटला, पण शिट्टी सुटली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी गेटवर, लिफ्टमध्ये, जिन्यात, जिथे खिळा बसेल तिथे सूचनांच्या पाट्या लावल्या. मध्यंतरी कोणाचा तरी ड्रोन भरकटत आला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आप्पांच्या खिडकीशी घुटमळला. आप्पा त्या वेळी केसांना कलप लावत होते. आप्पांनी असा काही आरडाओरडा केला की ज्यांना त्यांचे केस नैसर्गिक काळे वाटत होते त्यांनाही त्या दिवशी सत्य समजलं. मग आप्पांनी खाजगीपणावर घाला पडल्याचं भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सेक्रेटरींनी सोसायटीची ड्रोन नियमावली लिहायला घेतली.

नियमावली लिहिताना त्यांना लिहिण्याचा आनंद झाला असावा. उड्डाणाला प्रत्येक घराची लेखी संमती हवी. संमती कोणालाही केव्हाही मागे घेता येईल आणि घेतल्यास ड्रोन तत्काळ खाली उतरवावा. उड्डाणापूर्वी शिट्टी. उड्डाणाच्या वेळी सर्वांनी पडदे ओढून घरात बसावे. आणि ड्रोनला खिडकीसमोरून जाणे भाग पडल्यास त्याने पाठ फिरवून जावे.

"पाठ फिरवून?" बायकोने तेव्हाच विचारलं होतं. "ड्रोन आहे का लाजरी सून?"

पण ठराव एकमताने मंजूर झाला होता. आता तोच ठराव सेक्रेटरींच्या डोक्यावर गळत होता.

ड्रोनवाली बाई मिळायला वेळ लागला नाही. ती पेशाने सर्वेक्षण करणारी, कारखान्यांच्या चिमण्या आणि पुलांचे खांब तपासणारी. परवाना, नोंदणी, विमा, सगळं चोख. तिने फोनवर इमारतीचा पत्ता विचारला आणि बोलता बोलताच म्हणाली, "नकाशावर तुमचा भाग हिरवा आहे, काका. सरकारकडून काही अडचण नाही. शनिवारी येऊ?"

"सरकारचं झालं," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. "आमचं राहिलंय."

त्या संध्याकाळी त्यांनी रहिवासी या नात्याने सेक्रेटरींना एक अर्ज लिहिला. रात्री जेवणं झाल्यावर तोच अर्ज सेक्रेटरी या नात्याने वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अर्जदाराने ड्रोन किती उंच जाणार ते लिहिलेलंच नाही. परत पाठवावा लागेल."

"अर्जदार कोण?"

"मी."

"आणि परत कोणाकडे पाठवणार?"

सेक्रेटरींनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. "माझ्याकडे," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला, त्यावर 'छपराएवढा उंच' असं लिहिलं आणि परत दिला. "उद्या सकाळी दारोदार जा आणि संमत्या आणा. शिट्टी घरी ठेवून जा."

संमत्या मिळाल्या. म्हणजे आधी सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि मग दार लोटून घेऊन हळू आवाजात हो म्हटलं.

"माझ्या दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलेले असतात," तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या खाजगीपणाचं काय?" मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बरं, वर गेल्यावर पलीकडच्या गल्लीतलं दिसतं का हो? तो नवा दातवाला आलाय ना. त्याच्या बाकावर गर्दी असते का, तेवढंच. सहज."

खजिनदारबाई तर दारातच म्हणाल्या, "कोणी कोणाच्या घरात डोकावलेलं मला अजिबात चालत नाही." सेक्रेटरी वळणार इतक्यात त्यांनी बाही धरली. "आमच्या सासूबाई चार वाजता बागेत चालायला म्हणून जातात. शुगर काही उतरत नाही. त्या चालतात की बसतात, एवढं बघून घ्याल का? घरात नाही हो डोकावायचं, बागेत!"

आप्पांकडे जायला सेक्रेटरींचे पाय उचलत नव्हते. पण आप्पांनी सही लगेच केली. "फक्त माझ्या खिडकीशी आला की त्याने पाठ फिरवायची नाही," ते म्हणाले. "तोंड इकडे हवं. मी हात हलवणार आहे. नातवंडांना व्हिडिओ पाठवायचाय."

"पण आप्पा, नियम तुमच्यामुळेच..."

"माझ्यामुळे झाला ना? मग मी माझ्यापुरता सैल करतो."

सेक्रेटरी घरी आले ते कपाळ धरूनच. खाजगीपणा सगळ्यांना हवा होता, पण आपला. दुसऱ्याच्या खाजगीपणाबद्दल कोणाचीच काही तक्रार नव्हती.

शनिवार उजाडला तो कोरडा, पण आभाळ भरलेलं. पत्रेवाला फळ्या, पत्र्याचे तुकडे आणि डांबराचा डबा घेऊन दुपारीच येऊन बसला. ड्रोनवाली बाई आली, तिने अंगणात जागा आखून भोवती दोरी बांधली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तासाभरात पाऊस येईल. त्याच्या आत उडवायचं आणि आटपायचं. दोरीच्या आत कोणी यायचं नाही आणि ड्रोन हवेत असताना माझ्याशी बोलायचं नाही."

नियमाप्रमाणे सर्वांनी पडदे ओढून घरात बसायचं होतं. प्रत्यक्षात सगळी इमारत दोरीला खेटून उभी होती. घरात फक्त आप्पा होते, इस्त्रीचा शर्ट घालून, खिडकीत.

सेक्रेटरींनी शिट्टी फुंकली. बाईच्या हातातला रिमोट जवळजवळ सुटलाच.

"हे काय?"

"उड्डाणापूर्वीची शिट्टी. कलम आहे."

"आणखी किती कलमं आहेत?"

"तुम्ही उडवा हो," सेक्रेटरींची बायको म्हणाली. "कलमांच्या नादी लागू नका. मी त्यांच्याशी लग्न करून बसलेय."

ड्रोन मधमाश्यांच्या मोहोळासारखा गुणगुणत वर चढला. स्क्रीनवर तळमजला आला, पहिला मजला आला, दुसरा मजला आला, आणि नियमाप्रमाणे ड्रोनने पाठ फिरवली.

"अरे ए!" खिडकीतून आप्पा ओरडले. "इकडे! इकडे बघ! नाहीतर माझी संमती मागे!"

"मागे?" बाई म्हणाली.

"मागे घेतल्यास तत्काळ उतरवावा," सेक्रेटरींनी कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि शिट्टी फुंकली.

"काका, बॅटरी काय नळाला लावलीय का? चढ-उतार करत बसले तर छप्पर राहील बाजूला." बाईने दात ओठ खाल्ले आणि ड्रोन वळवला. आप्पांनी हात हलवला. मग चष्मा काढून हलवला. मग म्हणाले, "आता डावी बाजू घ्या." डावी बाजू घेतली. आप्पा समाधानाने खिडकीतून आत गेले आणि लगेच पुन्हा आले, कारण टोपी घालायची राहिली होती.

एवढ्यात एक बॅटरी अर्ध्यावर आली. ड्रोन पुढे निघाला तेव्हा दातांचे डॉक्टर दोरीवरून पुढे वाकले. "पलीकडची गल्ली राहिली."

"मी त्या गल्लीवर ड्रोन नेणार नाही," बाई म्हणाली. "खाली रस्त्यावर माणसं आहेत. माणसांच्या डोक्यावरून उडवायचा नाही, हा नियम आहे. तुमच्यासारखा नाही, खरा."

"न्यायचा कुठे? इथूनच झूम करा. नाहीतर बघा हं, संमती..."

सेक्रेटरींनी शिट्टी तोंडाला लावली. बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ती तोंडातच राहिली. तिने झूम केलं. पलीकडच्या दवाखान्याच्या बाकावर इतकी माणसं होती की दोघं पायरीवर बसले होते. डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "पहिली तपासणी फुकट ठेवली असेल," ते शेवटी म्हणाले आणि गर्दीतून मागे सरकले.

"आता बाग," खजिनदारबाई म्हणाल्या.

"नाही."

"डॉक्टरांचं केलंत, आमचंच नाही? मग आमचीही संमती..."

"दाखवा, दाखवा," गर्दीतून चार-पाच आवाज आले. खजिनदारबाईंची सासू काय करते याची उत्सुकता एकट्या खजिनदारबाईंनाच होती असं नाही.

बाग दिसली. बाक दिसला. बाकावर सासूबाई दिसल्या. त्यांच्या एका हातात आइसक्रीमचा कोन होता आणि दुसऱ्या हातात दुसरा कोन होता. हा दुसरा कोण्या मैत्रिणीचा असेल असं म्हणायला जागा होती, पण बाकावर दुसरं कोणी नव्हतं. लांबून येणाऱ्या आवाजाने सासूबाईंनी वर पाहिलं. क्षणभर विचार केला. आणि मग आभाळातल्या त्या ठिपक्याकडे बघून दोन्ही कोन उंच करून हलवले.

सगळं अंगण हसलं. खजिनदारबाई तेवढ्या हसल्या नाहीत. रिमोटने टुकटुक करायला सुरुवात केली.

"झालं," बाई म्हणाली. "बॅटरी संपली." तिने ड्रोन उतरवला, बॅटरी बदलली आणि सगळ्यांकडे एक नजर टाकली. "ही दुसरी आणि शेवटची. छप्पर बघायचंय की गावाची चौकशी?"

"आमच्या गॅलरीतला भोपळ्याचा वेल वरून कसा दिसतो..." कोणीतरी सुरुवात केली.

"माझा सॉक्स वळचणीला अडकलाय का, तेवढं..." दुसरा म्हणाला.

वाऱ्याची थंड झुळूक आली. पत्रेवाल्याने डांबराच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाला, "थेंब पडला की मी निघालो. मग सोमवारी."

सोमवारी! सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोर सोफ्याला टेकवलेला पाळणा आला. पण समोर सोसायटी होती, आणि सोसायटीने संमती मागे घेतली तर नियम म्हणजे नियम. ते शिट्टी हातात धरून नुसते उभे राहिले.

मग त्यांची बायको दोरी ओलांडून आत आली. तिने त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि कानठळ्या बसतील अशी फुंकली. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिला ती चांगलीच जमत होती.

"आता जो कोणी संमती मागे घेईल," ती म्हणाली, "त्याच्या घरी उद्यापासून माझी लेक, तिचं बाळ, त्याची लंगोटांची दोरी आणि मी राहायला येणार. रात्रभर रडतं म्हणे. कोणी घेतंय मागे?"

कोणी घेतली नाही. खिडकीतून आप्पासुद्धा म्हणाले, "नाही, नाही, वहिनी. उडवा खुशाल."

ड्रोन सरळ वर गेला. या वेळी कोणाकडे तोंड नाही की कोणाकडे पाठ नाही. छपराची कड आली, शेवाळलेले पत्रे आले, आणि मग स्क्रीन पांढरी दिसायला लागली.

"हे काय आहे?" बाईने डोळे बारीक केले. "वर कोणी काही ठेवलंय?"

तिने ड्रोन थोडा उंच घेतला. तेव्हा कळलं की ती पाटी होती. दारापेक्षा मोठी, पत्र्याची, पांढऱ्यावर लाल अक्षरांची, आभाळाकडे तोंड करून पसरलेली. दोरीवरून वाकून सगळ्यांनी ती एका सुरात मोठ्याने वाचली.

"'या इमारतीवरून ड्रोन उडवण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, सेक्रेटरी.'"

सगळ्यांच्या माना एकदम सेक्रेटरींकडे वळल्या.

"अक्षर सुरेख आलंय," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"ही पाटी कोणासाठी?" ड्रोनवाल्या बाईने विचारलं.

"ड्रोनसाठी," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे, उडवणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात लावली होती. शिडीची गाडी आणून."

"पण काका, ती वाचायची तर ड्रोन इमारतीवर आणावा लागणार ना?"

नियमावली लिहिताना हा मुद्दा कोणी मांडला नव्हता.

बाईने आणखी खाली झूम केलं. पाटीच्या कोपऱ्यांना चार लांबलचक स्क्रू होते, पत्र्यातून आरपार. प्रत्येकाभोवती पत्र्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. पाटीच्या वरच्या कडेला पावसाचं पाणी तुंबून डबकं झालं होतं आणि ते निवांतपणे, एकेका भोकातून, सेक्रेटरींच्या घरात उतरत होतं.

"सापडलं," पत्रेवाला म्हणाला आणि शिडीकडे धावला.

बिल्डर, अँटिना आणि कबुतरं, तिघंही निर्दोष सुटले होते. सेक्रेटरी मान खाली घालून उभे होते आणि त्यांना बायकोकडे बघायचा धीर होत नव्हता. ती आता काय बोलेल याची ते वाट बघत होते. पण तिने फक्त गळ्यातली शिट्टी काढून पर्समध्ये टाकली आणि पत्रेवाल्याची शिडी धरायला गेली.

पाटी निघाली. भोकं बुजली. फुटक्या पत्र्यावर नवा तुकडा बसला आणि डांबराचा शेवटचा हात फिरतो न फिरतो तोच पाऊस आला. तो आला तो रात्रभर पडला. सेक्रेटरी रात्रभर कोरड्या बादलीशेजारी खुर्ची टाकून बसले. सकाळपर्यंत त्यांनी बादलीत हात घालून इतक्या वेळा पाहिलं की बायकोला शेवटी त्यांच्या अंगावर पांघरूण टाकावं लागलं.

त्या रात्री ती काही बोलली नाही. सकाळीही बोलली नाही. हे न बोलणं सेक्रेटरींना बोलण्यापेक्षा जड जात होतं. ती लेक येण्याची वाट बघतेय हे त्यांनी ओळखलं होतं. लेकीसमोर ती सगळं सांगणार, पाटीच्या अक्षरांसकट. लेक हसणार, मग जावयाला फोन करणार आणि तो तिकडे हसणार. नातू मोठा झाला की त्यालाही सांगणार. आजोबा म्हटलं की पोराला आधी पाटी आठवणार. त्यांनी चहा घेतला तो कडू लागला, आणि साखर तर त्यांनी स्वतःच घातली होती.

संध्याकाळी लेक आली. बाळ इतकं लहान होतं की सेक्रेटरींनी त्याला हातात घेताना श्वास रोखून धरला. खोलीत पाळणा मांडला. बाळ त्यात झोपलं. मग लेक खांदे सैल करत मागे वळली आणि तिची नजर छताकडे गेली. तिथे मोठा पिवळा डाग होता.

"आई, इथे गळत होतं का गं?"

"हो ना. महिनाभर," आई म्हणाली.

"बापरे. कशामुळे?"

सेक्रेटरींनी पाळण्याची दांडी घट्ट धरली. चूक झाली की अपघाताचं कारण स्पष्ट सांगायचं, हे ते कारखान्यात आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते. त्यांनी घसा साफ केला.

"पावसामुळे," त्यांची बायको म्हणाली.

लेकीला ते पटलं. पाऊस म्हटल्यावर पटायचंच. ती कपडे बदलायला आत गेली. सेक्रेटरी बायकोकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"बघत काय बसलात?" ती कुजबुजली. "पाळणा हलवा. आणि हळू. शिट्टी वाजवून उठवू नका त्याला."

सेक्रेटरींनी पाळणा हलवायला घेतला. बाहेर पाऊस पडत होता आणि आत काहीच पडत नव्हतं.